मोकळे असल्याचा दाखला

कर्वेनगरातील एका कुटुंबाची ही हकिगत आहे. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, आई घरी शिवणकाम करणारी. मुलीने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि काही वर्षांपूर्वी ती युरोपातील एका देशात रुग्णालयात नोकरीस लागली. आज तिचे वय तीस आहे. तेथेच काम करणाऱ्या, दुसऱ्या देशाच्या व दुसऱ्या धर्माच्या एका सहकाऱ्याशी विवाह करण्याचे तिने ठरविले. तेथील नोंदणी कार्यालयाने ‘तुम्ही विवाहास मोकळ्या आहात, याचा तुमच्या देशातील पुरावा आणा’ असे सांगितले. स्वतःच्या सहीने शपथेवर लिहून देण्यास ती तयार होती. परंतु तेवढ्याने भागेना. आईवडिलांचे प्रतिज्ञापत्र पाहिजे होते, आणि वडिलांना तर हा विवाह मान्य नव्हता. पक्षाच्या कामामुळे त्या घराशी प्रस्तुत लेखकाचा जुना परिचय, म्हणून मध्यस्थीसाठी बोलावणे आले. त्या गृहस्थांचे उत्तर अजून कानात आहे. ते म्हणाले, “मी खोटे काहीच बोलत नाही. मी फक्त सही करीत नाही.”

या एका वाक्यात आपल्या विवाहव्यवस्थेचे आणि आपल्या राज्ययंत्रणेचे सारे दारिद्र्य उघडे पडते. तीस वर्षांची, कमावती, कायद्याने सर्वस्वी सज्ञान स्त्री; तिच्या विवाहास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. तरीही ती आडकाठी नाही, एवढे सांगण्याचा अधिकार ना तिला, ना तिच्या सरकारला. तो अधिकार फिरून बापाच्या लेखणीत जाऊन बसला आहे. हे का व्हावे, आणि समाजवादी चळवळीने याकडे एखाद्या कुटुंबाची खासगी कटकट म्हणून न पाहता लोकशाही हक्काचा प्रश्न म्हणून का पाहावे, याचा विचार करण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम हा कागद म्हणजे काय, ते पाहू. परदेशात विवाह करू पाहणाऱ्या माणसाने आपण अविवाहित, घटस्फोटित अथवा विधुर-विधवा असून आपल्या विवाहास आपल्या देशाच्या कायद्याने प्रतिबंध नाही, असे दाखवावे, अशी अट अनेक देशांच्या कायद्यात आहे. इटलीच्या मुलकी संहितेप्रमाणे परकीय नागरिकाने आपल्या देशाच्या अधिकाऱ्याकडून ‘हरकत नाही’ असा दाखला आणावा लागतो. जर्मनीच्या संहितेत विवाहक्षमतेचा दाखला मागितलेला आहे. ज्या देशात असा दाखला देण्याची व्यवस्थाच नाही, तेथील नागरिकास वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षाकडे त्या अटीतून सूट मागावी लागते. युरोपातील काही देशांनी १९८० साली म्युनिक येथे करार करून या दाखल्याचा एक सामाईक नमुनाही ठरविला. या अटीमागचा हेतू वावगा नाही. एका गावी एक संसार आणि दुसऱ्या मुलखात दुसरा, असे थाटणाऱ्या माणसापासून नव्या जोडीदाराचे रक्षण व्हावे, हाच तो हेतू होय.

तथापि असा दाखला देण्यासाठी त्या देशाच्या सरकारजवळ नागरिकांच्या विवाहांची वही असावी लागते. ती वही आपल्याजवळ नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नोंदणीची तरतूद केली, परंतु नोंद नसली तरी विवाह वैध, असेही त्याच कलमात सांगून ठेवले. स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यास भारताने १९९३ साली मान्यता दिली, तेव्हा विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे तत्त्व आम्हांस मान्य आहे, परंतु एवढ्या विशाल, नाना चालीरीतींच्या आणि अल्पसाक्षर देशात ते व्यवहार्य नाही, असे निवेदन आपल्या सरकारने त्यास जोडले. ज्या सरकारला या विशाल देशातील प्रत्येक मतदाराचे नाव यादीत लिहिता येते, प्रत्येक शेताचा सातबारा ठेवता येतो, त्यास विवाह मात्र लिहिता येत नाहीत! जमिनीची मालकी लिहून ठेवण्याची निकड राज्यकर्त्यांना शतकानुशतके वाटत आली. स्त्रीचा संसार लिहून ठेवण्याची निकड त्यांना वाटली नाही, एवढाच याचा अर्थ.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश राज्यांना दिला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच विवाहाचा समावेश करणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले. लोकसभेची मुदत संपताच तेही बारगळले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणीची व्यवस्था झाली आणि पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयांतून ती चालते. परंतु विवाह ज्या हद्दीत नोंदला, त्या हद्दीपुरतीच ती नोंद बोलते. कर्वेनगरच्या माणसाने साताऱ्यास, सोलापुरास किंवा थेट इंदुरास विवाह केलेला नाही, हे कोणत्या कारकुनाने कोणत्या दप्तरात पाहून सांगावे? शेजारच्या गोव्यात १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीपासून विवाहाची मुलकी नोंद सक्तीची आहे. तेथील निबंधकास निदान उघडून पाहण्यास वह्या तरी आहेत. वसाहतवाल्यांनी मागे ठेवलेली ही एक व्यवस्था स्वतंत्र देशाच्या इतर भागांना पाऊण शतकातही साधू नये, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

वही नाही म्हणून शपथ आली. मुलाने अथवा मुलीने प्रतिज्ञापत्र करावयाचे, आईवडिलांनी प्रतिज्ञापत्र करावयाचे, ते नोटरीपुढे अथवा दंडाधिकाऱ्यापुढे व्हावयाचे, त्यावर राज्याच्या गृहखात्याचा शिक्का घ्यावयाचा आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणन व्हावयाचे. परकीय कागदांच्या परस्परमान्यतेचा हेग येथील १९६१ चा करार भारतास २००५ पासून लागू झाला. त्यानंतर या शेवटच्या प्रमाणनास ‘अपोस्टिल’ हे नाव आले. मौज अशी की, हा शिक्का कागदातील मजकूर खरा असल्याची ग्वाही मुळीच देत नाही. खालची सही आणि शिक्का त्याच अधिकाऱ्याचा आहे, एवढेच तो सांगतो. म्हणजे नोटरी सांगतो की सही माझ्यासमोर झाली. गृहखाते सांगते की हा नोटरी खरा. मंत्रालय सांगते की हे गृहखाते खरे. मुलगी अविवाहित आहे की नाही, याबद्दल यांपैकी कोणासच काही ठाऊक नसते. सारी इमारत उभी असते ती आईबापाच्या शपथेवर. २००५ साली जर्मनीने भारताच्या या करारातील प्रवेशास हरकत घेतली. त्यामुळे तेथे नुसता शिक्का पुरेना, कागदांची निराळी चौकशी करण्याची पद्धत राहिली. ज्या महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्याने या गोष्टीची दखल घ्यावयास नको होती काय? कामगार पाठविताना त्याचे कौशल्य, भाषा आणि आरोग्य यांचा विचार होतो. तो तेथे संसारही करील, याचा विचार होत नाही. माणसाचे श्रम निर्यात करावयाचे आणि माणूसपण घरी ठेवून घ्यावयाचे, ही भांडवली हिशेबाची जुनीच रीत आहे.

आता या शपथेच्या राजकारणाकडे वळू. विवाहाची वयोमर्यादा गाठलेल्या स्त्री-पुरुषांनी आपल्या संमतीने विवाह करावा, त्यास पालकांच्या संमतीची गरज नाही, हे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे तत्त्व. परदेशातील भारतीयांसाठी १९६९ साली झालेल्या परदेशी विवाह कायद्याचेही तत्त्व तेच. परंतु दाखल्याच्या वाटेने नेमकी तीच पालकसंमती मागील दाराने आत शिरते. जातीबाहेरचा, धर्माबाहेरचा, देशाबाहेरचा जोडीदार निवडणाऱ्या मुलीला बाप आज कोंडून ठेवू शकत नाही, कारण ती सहा हजार किलोमीटर दूर आहे. पण सही तो रोखून धरू शकतो. ज्या मुलीचा विवाह घरच्या पसंतीचा, तिला कागद पंधरा दिवसांत मिळतो. ज्या मुलीला कायद्याच्या आधाराची खरी गरज, तिलाच तो मिळत नाही. जातिव्यवस्थेला याहून सोयीचा कारकून कोणता मिळणार?

हे सारे कर्वेनगरात घडावे, यातील विसंगती कोणाही पुणेकराच्या ध्यानात येईल. हे उपनगर ज्यांच्या नावाचे, त्या धोंडो केशव कर्व्यांच्या आयुष्याचा धागा नेमक्या याच प्रश्नाशी गुंतलेला होता. विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याचा प्रतिबंध नाही, असे १८५६ च्या कायद्याने सांगितले होते. १८९३ साली, म्हणजे त्यानंतर ३७ वर्षांनी, विधुर असलेल्या कर्व्यांनी बालपणीच विधवा झालेल्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. तेव्हा कायदा त्यांच्या बाजूने असूनही मुरूडच्या गावकीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. विधुराने पुन्हा विवाह करावा, हे त्या समाजास नेहमीचेच होते. विधवेने तो करावा, हा मात्र गुन्हा. तो मोकळा होता, कारण तो पुरुष होता; ती कायद्याने मोकळी असूनही मोकळी नव्हती, कारण तसे म्हणण्यास कोणी तयार नव्हते. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली आणि १८९५ साली तिचे नाव बदलून ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’ असे केले. या नामांतरात मोठे शहाणपण होते. कोणासही विवाहाचे उत्तेजन देणे हे आमचे काम नव्हे. करू इच्छिणाऱ्याच्या वाटेतील धोंडा बाजूस सारणे, एवढेच आमचे काम, असा त्याचा आशय. पुढे १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर आला, आणि त्या माळाभोवती आजचे कर्वेनगर वसले. ज्या भूमीवर ‘प्रतिबंध निवारक’ या शब्दाचा अर्थ माणसांनी जगून दाखविला, तेथील मुलीने सव्वाशे वर्षांनंतर ‘प्रतिबंध नाही’ या दोन शब्दांसाठी बापापुढे पदर पसरावा!

या प्रश्नाला वर्गाची आणि जातीची बाजूही आहे, आणि आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी ती नीट समजून घेतली पाहिजे. सुस्थितीतील घराण्यास हा कागद म्हणजे एका दलालाची फी. २०१२ सालापासून परराष्ट्र मंत्रालयाने असे कागद नागरिकाकडून थेट घेणे बंद करून ते काम खासगी सेवाकेंद्रांकडे सोपविले. पुढे संगणकावरून अर्ज करण्याची सोय निघाली, परंतु ती सर्वच कागदांना आणि सर्वच माणसांना उपयोगी पडते असे नाही. पुण्याहून मंत्रालयाची खेप म्हणजे रोजंदारीच्या माणसाचा एक दिवस बुडाला. शिक्का चुकला तर दुसरी खेप, आणि परदेशातील कार्यालयाने ‘कागद सहा महिन्यांहून जुना झाला’ म्हटले की सारे पहिल्यापासून. जो जहाजावर खलाशी आहे, जी आखातात स्वयंपाकीण आहे, ज्याला वर्षातून एकदा रजा मिळते, त्याच्या नशिबी या खेपा येतात.

याहून खोल प्रश्न काडीमोडीचा आहे. महाराष्ट्रातील बहुजन आणि दलित जातींत नवराबायकोचे पटले नाही तर काडीमोड घेण्याची आणि पाट लावण्याची रीत पिढ्यान्पिढ्या होती. उच्चवर्णीय विधवा केशवपनाच्या खोलीत कोंडलेली असताना, ज्यांना ‘हलके’ म्हणून हिणविले गेले त्या जातींच्या स्त्रीला दुसरा संसार मांडण्याची मोकळीक होती. हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीप्रमाणे झालेला असा विच्छेद आजही राखून ठेवला आहे. परंतु परदेशी कचेरीच्या छापील अर्जात काडीमोडीस रकाना नाही. तेथे न्यायालयाचा हुकूमनामा हवा असतो. पंचांसमक्ष लिहिलेल्या सोडचिठ्ठीचा कागद कोण मानणार? जी स्त्री कायद्याने खरोखर मोकळी झाली आहे, तिला ते सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे दिवाणी दाव्यात उभे राहावे लागते. ज्या समाजाकडे एके काळी मोकळीक होती पण कागद नव्हता, त्याची मोकळीकच कागदाच्या युगात हिरावली गेली. तोंडी तलाकाने घराबाहेर काढलेल्या मुसलमान स्त्रीचीही तीच गत होती. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांसह मुंबईत काढलेल्या मोर्चाचे स्मरण या संदर्भात अवश्य करावे. एका दमात उच्चारलेला तीन वेळचा तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अवैध ठरविला. परंतु त्यापूर्वी तोंडी शब्दावर बाहेर पडलेल्या स्त्रीच्या हाती ती कोण आहे, विवाहित की मोकळी, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

येथे कोणी विचारील की, मग हा दाखलाच नको असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना असे म्हणता येणार नाही. मुंबई प्रांताने हिंदूंमधील द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ सालीच केला, तो स्त्रीचळवळीच्या आणि सुधारकांच्या दीर्घ आग्रहाचे फळ होता. आजही भारतीय न्यायसंहितेच्या ८२ व्या कलमाखाली पहिला जोडीदार हयात असताना केलेला दुसरा विवाह गुन्हा आहे. पण गुन्हा झाल्यावर शिक्षा आणि गुन्हा होऊ न देणे, यांत अंतर आहे. ते अंतर आपल्याकडे कोणाच्या वाट्यास येते पाहा. परदेशातून चार आठवड्यांच्या रजेवर आलेला वर पुण्यात मुलगी पाहतो, मंगलकार्यालय आगाऊ ठरलेले असते, तिसऱ्या आठवड्यात अक्षता पडतात. तो तिकडे विवाहित आहे काय, त्याचा तिकडे घटस्फोट झाला असल्यास तो आपल्या कायद्याने मान्य होतो काय, हे कोणीही विचारीत नाही. धार्मिक विधीने होणाऱ्या विवाहापूर्वी असा दाखला दाखविण्याची सक्ती कोणावरही नाही. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट केव्हा मानावा, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घालून दिले. १९९४ च्या आणखी एका निकालात, येथे झालेला असा विवाह परदेशी न्यायालयाने परस्पर रद्द करू नये यासाठी कायदा करावा, असे न्यायालयाने सुचविले. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक २०१९ साली राज्यसभेत आले, विधी आयोगाने २०२४ साली या विषयावर व्यापक कायदा करण्याची शिफारसही केली. टाकून दिलेल्या मुलींचे आईबाप मात्र अजून पोलीस ठाण्यातून दूतावासात आणि दूतावासातून न्यायालयात हिंडत आहेत.

म्हणजे चित्र असे दिसते: तेथे जाऊन स्वतःच्या निवडीने विवाह करणाऱ्या मुलीची झडती, आणि येथे येऊन हुंडा-मानपान घेऊन विवाह करणाऱ्या मुलाची मिरवणूक. १८९३ साली विधुराला कोणी प्रश्न विचारला नाही आणि विधवेवर सारे गाव उठले; न्यायाचा तराजू आजही त्याच बाजूस कललेला आहे. दाखला हवाच असेल तर तो दोन्ही बाजूंनी हवा.

नोंदणीच्या मागणीबरोबर एक सावधगिरीही बाळगली पाहिजे, कारण राज्यसंस्थेच्या हाती वही देताना ती कशासाठी वाचली जाईल, हे विचारणे समाजवाद्यांचे कर्तव्य आहे. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची जाहीर नोटीस मुळात द्विविवाहासारखी फसवणूक उघड व्हावी म्हणून होती. आज ती आंतरधर्मीय जोडप्याचा पत्ता गुंडांच्या हाती देणारी सूचना ठरली आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपवावी असे ठरविले, ते योग्यच होय. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी ‘समन्वय समिती’ नेमली आणि टीकेनंतर दोनच दिवसांत त्यातून आंतरजातीय विवाह वगळले. आंतरधर्मीय विवाहांवरची नजर कायम ठेवली. उत्तराखंडात तर जानेवारी २०२५ पासून विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंद करणे भाग पडले. नोंदवही नागरिकाच्या हक्काचे साधन असते, तशीच ती पाळतीचे हत्यारही होऊ शकते.

आणि हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. ब्रिटनने २००५ साली स्थलांतरितांवर विवाहापूर्वी गृहखात्याची परवानगी घेण्याची सक्ती केली. तिची फी प्रथम १३५ आणि नंतर २९५ पौंड होती, आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांना ती सक्ती नव्हती! खोटी लग्ने रोखण्यासाठी म्हणून हा नियम केला, पण खरी लग्ने करणारे गरीब त्यात अडकले. २००८ साली तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने आणि २०१० साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याविरुद्ध कौल दिला आणि २०११ साली तो नियम रद्द झाला. स्ट्रासबुर्गच्या निकालातील एक मुद्दा आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे: फी एवढी असू नये की गरिबाचा विवाहाचा हक्कच मारला जावा. हक्काला किंमत लावली की तो हक्क राहत नाही, विकत घ्यावयाची सवलत होते. ही गोष्ट आपण शिक्षण आणि आरोग्य यांबाबत नेहमी सांगतो, ती येथेही तितकीच खरी आहे.

यास्तव आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, सर्व धर्मांच्या विवाहांची आणि विवाहविच्छेदांची, रूढीने झालेल्या काडीमोडीसह, विनाशुल्क नोंद करणारी एक सलग नोंदवही राज्याने ठेवावी. मात्र नोंद नाही म्हणून कोणत्याही स्त्रीचे पत्नीपण, पोटगी किंवा वारसा नाकारला जाऊ नये. दुसरी, त्या वहीतील उतारा ज्याचा त्यालाच मिळावा. बाप, भाऊ, जात, पंचायत यांना तो मागता येऊ नये, आणि कोणाच्याही दारावर त्याची नोटीस लागू नये. तिसरी, सज्ञान व्यक्तीच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर आणि त्या उताऱ्यावर शासनाने ठरावीक मुदतीत विवाहमुक्ततेचा दाखला द्यावा. खोट्या शपथेस कायद्यात शिक्षा आहेच. पालकांची शपथ कोणत्याही परिस्थितीत मागू नये. चौथी, परदेशात राहणाऱ्या वराने अथवा वधूने येथे विवाह करताना, विधी कोणताही असो, तिकडच्या वैवाहिक स्थितीचा पुरावा आधी द्यावा. पाचवी, आपल्या दूतावासांनी परकीय सरकारांना हे समजावून द्यावे की, भारतात सज्ञान स्त्रीचा विवाह तिच्या बापाच्या हाती नसतो.

यांपैकी एकही मागणी क्रांतीची नाही. १८५६ आणि १९५४ च्या कायद्यांनी जे कबूल केले, ते कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचविणे, एवढेच यात आहे. तोपर्यंत आपल्या शाखांनी करावयाचे काम मात्र आजचे आहे. ज्या घरातून सही मिळत नाही, तेथे जाऊन बोलावे. नातेवाइकांपैकी कोणी शपथ देण्यास तयार असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. काडीमोड झालेल्या भगिनींना न्यायालयाकडून तशी घोषणा मिळवून देण्यासाठी वकिलांची मदत मिळवावी. गुमास्त्यांकडून आणि दलालांकडून होणारी लूट उघडी करावी. कर्व्यांची मंडळी याहून वेगळे काय करीत होती?

ती कर्वेनगरची मुलगी आज विवाहित आहे. वडिलांनी अखेरपर्यंत सही केली नाही. आईने केली आणि मामाने केली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर परक्या देशातील कचेरीने ती मान्य केली. आई नोटरीच्या टेबलापाशी गेली तेव्हा प्रस्तुत लेखक सोबत होता. मजकूर तिने दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “यात मी परवानगी देते असे कुठे लिहिलेले नाही ना?” नाही, असे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग बरे. परवानगी द्यायला मी कोण? ती मोकळी आहे, एवढेच मला ठाऊक आहे.” आणि तिने सही केली.

त्या बाईंना जे कळले, ते आपल्या राज्यकर्त्यांना कळेपर्यंत आपले काम संपलेले नाही.